मेहरुन्निसा दलवाई : कायदा झाला, घर कोणाच्या नावावर?

८ जून २०१७ रोजी पुण्यात मेहरुन्निसा दलवाई यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर पंच्याहत्तर दिवसांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने एका दमात दिलेला तीन वेळचा तलाक रद्दबातल ठरविला. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा जो मोर्चा गेला, त्या सातांपैकी मेहरुन्निसाबाई एक होत्या. त्या दिवशी मागितलेल्या गोष्टींपैकी एक गोष्ट एक्कावन्न वर्षांनी पदरात पडली आणि ती पाहण्यास मागणारी उरली नाही. निकालाचे श्रेय घेण्यासाठी जी झुंबड उडाली, तीत ज्यांनी आयुष्यात कधी मुस्लिम स्त्रीच्या दाराशी पाऊल टाकले नव्हते असेच लोक पुढे होते. समाजवादी चळवळ, जिच्या अंगणात हा लढा जन्मला, ती या सगळ्या काळात संकोचून बाजूला उभी राहिली.

हा संकोच का आला आणि तो झटकल्यावर करावयाचे काम कोणते, हे पाहावयाचे तर मेहरुन्निसाबाईंच्या आयुष्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहिले पाहिजे. हमीद दलवाई यांच्या पत्नी आणि त्यांच्या पश्चात त्यांचे कार्य पुढे नेणाऱ्या, एवढीच त्यांची ओळख सभांतून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. धर्मसुधारणेच्या वादात बुडून गेलेली एक साधी आर्थिक बाब त्यांच्या आयुष्यात लख्ख दिसते. स्त्रीच्या हाती स्वतःची मिळकत आणि विवाहाच्या मागे न्यायालयाचे बळ असेल, तरच तलाकाचा धाक निष्प्रभ होतो. धर्मग्रंथाच्या अर्थावर कितीही वाद झाले तरी हा हिशेब बदलत नाही.

मेहरुन्निसाबाईंचा जन्म २५ मे १९३० चा. उर्दू बोलणाऱ्या घरात त्या वाढल्या. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, कोकणी मुसलमान, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेले, मराठीत कथा-कादंबरी लिहिणारे. १९५६ साली दोघांचा विवाह झाला. प्रथम मुस्लिम पद्धतीने निकाह झाला, आणि नंतर महिन्याभराने तोच विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदविण्यात आला. चरित्रकार हा तपशील एका ओळीत उरकतात. वस्तुतः दलवाईंच्या साऱ्या चळवळीचे बीज त्या नोंदणीत आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेल्या विवाहात पतीला तोंडी तलाक देता येत नाही, घटस्फोटासाठी न्यायालयातच जावे लागते. दुसरी पत्नी करता येत नाही, केल्यास तो गुन्हा होतो. शिवाय अशा दांपत्याच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि त्या कायद्यात मुलगा व मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. म्हणजे इतरांनी सोडावेत म्हणून पुढे आयुष्यभर ज्या अधिकारांविरुद्ध हमीदभाई बोलले, ते अधिकार त्यांनी आधी स्वतःच्या घरात, कागदावर सही करून सोडून दिले होते. दलवाई दांपत्याला दोन मुलीच झाल्या, हे ध्यानात घेतले की या नोंदणीचा व्यवहारातील अर्थ अधिक स्पष्ट होतो. केरळातील कासरगोड येथील एका मुस्लिम वकिलाने आपल्या मुलींना पूर्ण वारसा मिळावा म्हणून २०२३ च्या महिला दिनी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा विवाह केला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. महाराष्ट्रातील एका सामान्य घरातल्या जोडप्याने तेच सदुसष्ट वर्षांपूर्वी केले होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या नोकरीची. मेहरुन्निसाबाई मुंबईत खादी आयोगात नोकरी करीत. हमीदभाई पत्रकार होते, लेखक होते, पुढे पूर्ण वेळ प्रचारक झाले. यांपैकी कोणत्याही व्यवसायावर मुंबईत बिऱ्हाड चालत नाही, हे चळवळीतल्या माणसास सांगावयास नको. घर चालले ते बाईंच्या पगारावर. आपल्याकडे कार्यकर्त्याच्या त्यागाची चर्चा होते तेव्हा त्याच्या घरचा शिधा कोणी भरला याची नोंद क्वचितच घेतली जाते. समाजवादी पक्षाच्या इतिहासात अशी शेकडो घरे आहेत की जेथे पतीने देशकार्य केले आणि पत्नीने शाळेत, दवाखान्यात वा कचेरीत नोकरी करून त्या देशकार्याचे भांडवल पुरविले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हा चळवळीला मिळालेला बिनव्याजी व बिनपरतीचा कर्जपुरवठा होता. मेहरुन्निसाबाईंनी तो पुरविला आणि शिवाय मोर्चातही त्या चालल्या. ‘मी भरून पावले आहे’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना या संसाराची ओढाताण परिचित असेल.

१९६६ च्या मोर्चात सातच स्त्रिया होत्या, यावर तेव्हाही उपहास झाला आणि आजही होतो. तोंडी तलाक आणि बहुपत्नीकत्व बंद करावे, सर्वांना समान नागरी कायदा लावावा, अशा मागण्या होत्या. सातच बायका आल्या याचे नवल नाही, सात आल्या याचे आहे. ज्या स्त्रीचे अन्न, वस्त्र आणि छप्पर एका पुरुषाने तीनदा उच्चारलेल्या शब्दावर टांगलेले आहे, तिने त्याच शब्दाविरुद्ध भर रस्त्यावर यावे ही अपेक्षाच मुळी धाडसाची. सातांपैकी एकीला स्वतःचा पगार होता आणि तिचा विवाह नोंदलेला होता, हे त्या दृष्टीने योगायोगाचे मानता येत नाही.

पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या समाजाचे नाव जाणीवपूर्वक घेतलेले. बाबा आढाव, भाई वैद्य, अ. भि. शहा यांच्यासारखी माणसे या कामाच्या पाठीशी होती. ज्यांच्या बहिणीचा संसार तलाकने उद्ध्वस्त झाला ते सय्यदभाई मंडळाचे आधारस्तंभ झाले. १९७१ च्या अखेरीस पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरली. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षात, मूत्रपिंडाच्या विकाराने हमीद दलवाई गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधीविना दहन झाले. समाजाचा रोष ओढवून घेणारी ती इच्छा पाळण्याचा भार अर्थातच मागे राहिलेल्या पत्नीवर पडला. पतीनिधनानंतर ती घरात बसली असती तरी कोणी बोल लावला नसता. मेहरुन्निसाबाईंनी मात्र मंडळाची धुरा खांद्यावर घेतली.

खरी कसोटी आली ती १९८५ मध्ये. इंदूरच्या एका वकिलाने त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ साली शाहबानो या आपल्या पत्नीला घराबाहेर काढले आणि तिने पोटगी मागताच १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये तलाक दिला. खालच्या न्यायालयाने तिला महिना पंचवीस रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने ही रक्कम कायम केली. आता यातले आकडे कार्यकर्त्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावेत. पतीने मेहेरपोटी न्यायालयात तीन हजार रुपये भरले होते. त्रेचाळीस वर्षांना भागले तर वर्षाकाठी सत्तर रुपयेदेखील पडत नाहीत. उच्च न्यायालयाची पोटगी वर्षाला २,१५० रुपये होते. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे पतीचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या घरात होते, म्हणजे ही पोटगी त्याच्या शेकडा चारसुद्धा नव्हती. या रकमेसाठी देशाचे राजकारण ढवळून निघाले. धर्म संकटात असल्याच्या आरोळ्या उठल्या, लाखालाखाचे मोर्चे निघाले, आणि अखेरीस त्या वृद्धेला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्याच बाजूच्या निकालाचा जाहीर त्याग करावा लागला. १९८६ च्या मे महिन्यात राजीव गांधी सरकारने कायदा करून घटस्फोटित मुस्लिम स्त्रीची पोटगी मुख्यतः इद्दतीच्या काळापुरती आणून ठेवली. पुढचा भार तिचे नातेवाईक, आणि तेही नसतील तर वक्फ मंडळ, यांच्यावर टाकला. ज्या भावाच्या स्वतःच्या चुलीची भ्रांत आहे त्याने बहिणीला पोसावे आणि ज्याने बहिणीला टाकले त्याने मोकळे व्हावे, असा हा न्याय.

या वादळाच्या काळात मंडळाने कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत तलाक मुक्ती मोर्चा नेला. त्याच्या अग्रभागी मेहरुन्निसाबाई होत्या. वाटेत काही ठिकाणी कडवा विरोध झाला. पासष्टीकडे झुकलेल्या त्या नव्हत्या खऱ्या, पण पंचावन्नाच्या घरातली, पतीचे छत्र गमावलेली एक नोकरदार स्त्री अख्खा महाराष्ट्र ओलांडत होती, आणि तिच्याबरोबर ज्यांना तलाक मिळाला होता अशा बायका होत्या. १९६६ च्या सातांच्या मोर्चापेक्षा हा मोर्चा वेगळा ठरला तो येथे. प्रश्न मांडणाऱ्या आता स्वतः प्रश्नग्रस्त होत्या.

समाजवाद्यांनी त्या वेळी काय केले? महाराष्ट्रापुरते पाहिले तर सेवा दलाच्या परिवारातील माणसे मंडळाबरोबर उभी होती, हे निःसंशय. पण समाजवादी ज्या अखिल भारतीय जनता पक्षात, म्हणजे तेव्हाच्या जनता पार्टीत, सामील झालेले होते, त्या पक्षाचे सय्यद शहाबुद्दीन हे शाहबानो निकालाच्या विरोधी आघाडीचे एक प्रमुख नेते होते आणि डिसेंबर १९८५ मध्ये किशनगंजची लोकसभेची पोटनिवडणूक ते जनता पार्टीच्याच तिकिटावर जिंकले. म्हणजे पुण्यात एक झेंडा आणि बिहारात दुसरा. त्यामागे अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेची प्रामाणिक चिंता होती, असे म्हणता येईल. दंगलींनी होरपळलेल्या समाजाला बहुसंख्याकांच्या हातून सुधारणा नको असते, हेही खरे. परंतु ही चिंता वाहताना समाजातल्या अर्ध्या माणसांचा विचार करावयाचा राहून गेला. अल्पसंख्याकांतील अल्पबल कोण, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारावयास हवा होता. तो त्यांनी मोकळा सोडला, आणि मोकळ्या जागेत दुसरे शिरले. ३० जुलै २०१९ रोजी राज्यसभेत तलाकविरोधी विधेयक ९९ विरुद्ध ८४ मतांनी मंजूर झाले तेव्हा समाजवादी वारसा सांगणारा संयुक्त जनता दल सभात्याग करून बाहेर पडला. बाजूने नाही, विरोधात नाही, बाहेर. तीन तपांच्या भूमिकेचे याहून नेमके चित्र दुसरे सापडणार नाही.

हा सारा इतिहास म्हसळ्यासारख्या तालुक्यात येऊन तपासला पाहिजे, कारण मेहरुन्निसाबाईंचे सासर ज्या कोकणी मुस्लिम समाजातले, त्या समाजाची दाट वस्ती या खाडीपट्ट्यात आहे. सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. दलवाईंची मिरजोळी त्या बाजूला, आणि अलीकडे म्हसळा. याच तालुक्यातल्या आंबेत गावाने बॅरिस्टर अंतुले यांच्या रूपाने महाराष्ट्राला १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री दिला, आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. सत्तेच्या दालनापर्यंत पोहोचलेला हा समाज मागासलेला वा कोंडलेला म्हणता येत नाही. तरीही मंडळाचे काम पुणे, मुंबई, कोल्हापूर येथे जितके रुजले तितके ते या किनाऱ्यावर रुजले नाही.

म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानचा एक महाल होता. या संस्थानच्या बेगम नाझली रफिया सुलतान या शिकलेल्या, युरोपचा प्रवास करून त्यावर उर्दूत पुस्तक लिहिणाऱ्या, मुंबईच्या प्रसिद्ध फैजी घराण्यातल्या. अतिया फैजी ही त्यांची बहीण. नाझली बेगमना मूल झाले नाही. नवाबाने दुसरा विवाह केला आणि १९१३ साली त्यांचा विवाहसंबंध संपला. राणीचीही ही गत झाली. फरक इतकाच की नाझली बेगमना परत जाण्यासाठी मुंबईत श्रीमंत माहेर होते. महालातल्या इतर बायकांना ते नव्हते, आणि त्यांची नोंद कोणत्या दफ्तरात नाही.

या किनाऱ्याची अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या पैशावर उभी आहे. आधी मुंबईची गोदी आणि बोटीवरची खलाशाची नोकरी, १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हापासून कुवेत, दुबई, सौदी अरबस्तान. हिंदू घरांतला चाकरमानी मुंबईला गेला, मुसलमान घरांतला आखातात गेला. स्त्रिया मागे राहिल्या. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. हा आकडा स्त्रीसन्मानाचा नसून पुरुषांच्या गैरहजेरीचा आहे. आखातातून आलेल्या पैशातून खाडीकाठी दुमजली घरे उभी राहिली. लाद्या चकचकीत, खिडक्यांना रंगीत काचा. त्या घरात दहा-दहा वर्षे एकटीने मुले वाढविणारी, सासू-सासऱ्यांची आजारपणे काढणारी, गवंड्यापासून मास्तरापर्यंत सर्वांशी व्यवहार करणारी बाई प्रत्यक्षात त्या संसाराची व्यवस्थापक असते. पण घर पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. पैसे पतीने पाठविले, म्हणून मिळकत पतीची. तिच्या दहा वर्षांच्या श्रमाला कोणत्याही कागदावर किंमत नाही. तलाक झाला तर ती कपड्यांची पेटी घेऊन माहेरी जाते, आणि माहेरच्या जमिनीवरचा हक्क तिने लग्नाच्या वेळीच भावाच्या नावे सोडलेला असतो.

२०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा यांनी या बाईच्या स्थितीत काय फरक पडला, असे रोखठोक विचारले पाहिजे. एका दमातला तलाक आता निरर्थक आहे, तो दिल्याने विवाह मोडत नाही. हे मोठेच पाऊल आहे आणि त्याचे स्वागत करताना कोणत्याही समाजवाद्याने जीभ चावू नये. परंतु २०१९ च्या कायद्याने पुढे जाऊन तलाक देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. निर्वाहभत्ता मागण्याचा हक्कही त्यात आहे. आता जो पती तुरुंगात गेला तो भत्ता कोठून देणार? जो कुवेतमध्ये आहे त्याला तुरुंगात कोण घालणार, आणि तेथे मिळणाऱ्या त्याच्या पगारावर येथल्या न्यायालयाचा हात कसा पोहोचणार? बाईने फिर्याद दिली की सासर तिला घरातून काढते, न दिली तर तिच्या हाती निकालाचे कात्रण उरते. शिवाय शहाणा पती आता तलाकचा शब्दच उच्चारत नाही. तो नुसता टाकून देतो. पैसे पाठविणे बंद करतो, फोन घेत नाही. तलाकही नाही आणि संसारही नाही, अशी बाई कोणत्याही कायद्याच्या मथळ्यात बसत नाही. या अवस्थेत मुस्लिम स्त्री आणि हिंदू स्त्री यांच्यात काडीचा फरक राहत नाही. संगमनेर भागात निशा शिवूरकर यांनी परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला तो हे ओळखूनच. तो समाजवादी परिवारातला उपक्रम होता, याचा पक्षालाच विसर पडला आहे.

आज कायद्याने हाती दिलेली साधने थोडी नाहीत. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा कार्यकर्त्यांपैकी फार थोड्यांनी वाचला असेल. त्यानुसार पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, किंवा त्याने दोन वर्षे पोषण केले नसेल, तर पत्नीला न्यायालयातून विवाह संपविता येतो. आखातातल्या बेपत्ता पतीसाठीच जणू तो केला असावा. २००१ मध्ये दानियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या काळातच पतीने पत्नीच्या पुढील साऱ्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. त्याच वर्षी फौजदारी संहितेच्या कलम १२५ मधील महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा काढण्यात आली. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कायद्याखालीही पोटगी मागता येते, असे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे शाहबानोला १९८५ मध्ये मिळालेला हक्क एकोणचाळीस वर्षांनी पूर्ववत झाला. कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतील कलम १४४ ने घेतली आहे, अर्ज करताना एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. साधने आहेत. ती बाईच्या हातापर्यंत नेणारे माणूस नाही.

मालमत्तेचा प्रश्न याहून बिकट आहे आणि तो मुसलमानांपुरता नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला. शरियतीत मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण निश्चित वाटा आहे. शेतीच्या बाबतीत त्या वाट्यामागे या कायद्याचा आधार उभा केलेला नाही. धर्म धोक्यात असल्याची आरोळी ठोकणाऱ्यांपैकी कोणीही बहिणीला शरियतीप्रमाणे शेतीतला वाटा मिळावा म्हणून मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. आणि हिंदूंनी हसू नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण तलाठ्याच्या दफ्तरात तिचे नाव लागते न लागते तोच हक्कसोडपत्र तयार असते. साडीचोळी आणि माहेरचा उंबरा शाबूत ठेवण्याचे आश्वासन, एवढ्या मोबदल्यात लाखांची जमीन सुटते. समान नागरी कायद्याच्या गर्जना करणाऱ्यांनी आधी सर्वधर्मीय हक्कसोडपत्रांचा हिशेब मांडावा.

मेहरुन्निसाबाईंच्या नावाने व्याख्यानमाला भरवणे सोपे आहे. त्याऐवजी म्हसळा, श्रीवर्धन आणि माणगाव येथील शाखांनी तीन साध्या गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, ज्या मुस्लिम जोडप्यांची तयारी असेल त्यांचे विवाह, झालेले असोत वा होणारे, विशेष विवाह कायद्याखाली नोंदवून द्यावेत. हमीद आणि मेहरुन्निसा यांनी १९५६ मध्ये जे केले त्याला आजही कोणाची परवानगी लागत नाही, फक्त कचेरीत तीस दिवस लागणाऱ्या नोटिशीचा धीर लागतो. दुसरी, निकाहनाम्यातल्या मेहेरच्या रकमेबाबत जमातीतल्या शहाण्या माणसांशी बोलावे. मेहेर हे पत्नीचे पतीवरचे कर्ज आहे, आणि रुपयात ठरविलेले कर्ज महागाईत विरघळते. ते सोन्यात, किंवा त्याहून चांगले म्हणजे घराच्या हिश्शात ठरावे. शरियतीत याला आडकाठी नाही, म्हणून मौलवींशी भांडण्याचेही कारण नाही. तिसरी, आखातातून येणाऱ्या पैशातून बांधलेल्या प्रत्येक घराच्या ग्रामपंचायतीतील नोंदीला पत्नीचे नाव पतीच्या नावाबरोबर लावून घ्यावे. हिंदू चाकरमान्यांच्या घरांनाही हाच नियम लावावा, म्हणजे एका समाजाला लक्ष्य केल्याची तक्रार उरणार नाही.

यांपैकी कशासाठीही संसदेची वाट पाहावयास नको. लागतील त्या कार्यकर्त्या. त्या स्त्रियाच असाव्या लागतील, कारण माजघरात दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही. त्यांना उर्दू आणि कोकणी मुसलमानांची बोली दोन्ही यावी लागेल, आणि त्यातल्या निम्म्या तरी त्याच गावांतल्या लागतील. पुण्या-मुंबईहून महिन्यातून एकदा येऊन संध्याकाळच्या एसटीने परत जाणाऱ्या वक्त्याकडून हे काम होणार नाही. अशा कार्यकर्त्यांना मानधन द्यावे लागेल, कारण त्यांचे घर चालविण्यास खादी आयोगात नोकरी करणारे कोणी मागे असणार नाही. जिल्हा समितीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम धरली आहे की नाही, हे पुढच्या बैठकीत विचारता येईल.